अ‍ॅक्सोलॉटल घ्यायच्या आधी चिलरचं बघा

तुम्ही विचारलंय की पुण्यात दोन फुटी टँकमध्ये अ‍ॅक्सोलॉटल, म्हणजे पाण्यातच राहणारा सॅलमँडर जातीचा उभयचर प्राणी, राहील का, उन्हाळ्यात बर्फाच्या बाटल्या टाकून भागेल का आणि घरातले गोल्डफिश त्याच्यासोबत चालतील का. गोल्डफिश अजिबात नको, ते त्याचे गिल्स (डोक्याच्या बाजूंना बाहेर आलेले कल्ले) कुरतडतात आणि हा तोंडात मावेल ते गिळतो, त्यापेक्षा तो एकटाच बरा. टँक जमलं तर तीन फुटी घ्या, दोन फुटीत पाणी लवकर खराब होतं.

खरी अडचण गरमीची आहे. हा प्राणी मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला, समुद्रसपाटीपासून २२०० मीटरच्या वर, त्याला १६ ते १८ डिग्री पाणी लागतं, २० पर्यंत चालवून घेतो पण २४ च्या वर गेलं की खाणं सोडतो, अंगावर बुरशी धरते. आपल्याकडे एप्रिलमध्ये टँकचं पाणी आरामात ३० ला जातं. बाटल्या टाकल्या की दुपारी पाणी गार आणि रात्री परत कोमट, ही वरखालीच त्याला जास्त बाधते. पाण्यावर वारा मारणारे छोटे फॅन कोरड्या हवेत दोन-चार डिग्री उतरवतात पण म्हणजे ३० चं २६, तेही पुरत नाही, आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की त्यांचा उपयोग जवळपास शून्य. म्हणजे चिलर, टँकचं पाणी गार ठेवणारं मशीन, आलाच, आणि तो प्राण्यापेक्षा महाग पडतो. चिलर कॅबिनेटमध्ये कोंडून ठेवू नका, तो गरम हवा बाहेर फेकतो, मोकळी जागा लागते त्याला. दुकानदार सांगतात "काही होत नाही हो, पाय तुटला तरी परत येतो". पाय येतो हे खरंय, पण गरम पाण्यापुढे त्याचं काही चालत नाही.

चिलरच्या पंपाचा प्रवाह काचेकडे वळवा, याला संथ पाणी आवडतं. गिल्स सारखे पुढे वळलेले दिसले तर समजायचं की प्रवाह जास्त आहे नाहीतर पाणी बिघडलंय, लगेच टेस्ट करा.

प्राणी आणायच्या आधी टँक सायकल करून घ्या, म्हणजे घाणीतून तयार होणारा विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया आधी वाढू द्या, चार ते सहा आठवडे धरा. हे चिलर बंद ठेवून करा, थंड पाण्यात बॅक्टेरिया फार हळू वाढतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले, नायट्रेट दिसायला लागलं की मग चिलर चालू. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन दरवेळी काढायचंच.

खाली खडे नकोत. तो तोंड उघडून पाणी ओढतो तेव्हा खडाही आत जातो आणि पोटात अडकतो. नुसती काच ठेवा किंवा अगदी बारीक वाळू. खायला गांडूळ बेस्ट, फक्त गांडूळखतवाल्याकडची ती बारीक लाल असतात ना, ती बरेचदा थुंकून टाकतो कारण त्यांच्या अंगातून कडू द्रव सुटतो, गरम पाण्यात क्षणभर बुडवून दिली तर काही जण खातात. बागेतली घेणार असाल तर कीटकनाशक मारलेली माती नको.

आणि एक, अ‍ॅक्सोलॉटल सायटिसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे, त्यामुळे २०२२ च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. विकणाऱ्याकडे कागद मागा, टाळाटाळ केली तर दुसरीकडे बघा.