कोंबडीहून हलके शाकाहारी डायनासोर

प्रश्न : डायनासोर म्हटले की अवाढव्य प्राणीच डोळ्यांपुढे येतात. मात्र काही शाकाहारी डायनासोर कोंबडीएवढे होते, असे मुलीच्या पुस्तकात वाचले. ती मोठ्या डायनासोरांची पिल्ले तर नसतील? आणि उत्क्रांतीत त्यांचे स्थान काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, तिने एकेकाळी तज्ज्ञांनाही चकवले होते. इंग्लंडच्या दक्षिणेला असलेल्या आइल ऑफ वाइट बेटावर १८४९ साली एक लहानसा सांगाडा सापडला, तेव्हा तो इग्वानोडॉन या मोठ्या शाकाहारी डायनासोरच्या पिल्लाचा मानला गेला. पुढे विल्यम फॉक्स या पाद्र्यांना तेथेच एक कवटी मिळाली, आणि १८६९ साली ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्सली यांनी हा हिप्सिलोफोडॉन नावाचा निराळाच प्राणी असल्याचे दाखवून दिले. आता हाडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, झाडाच्या खोडात दिसतात तशा वाढीच्या खुणांवरून वय ठरवता येते. अमेरिकेतील कोलोरॅडोत सापडलेल्या फ्रूटाडेन्स या डायनासोरची वाढ अशा तपासणीत जवळजवळ पूर्ण झालेली आढळली. तरीही त्याची लांबी जेमतेम पाऊण मीटर आणि वजन एका किलोपेक्षा कमी होते.

त्याचाच दक्षिण आफ्रिकेतील नातलग हेटेरोडोंटोसॉरस सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी दोन पायांवर धावत असे. त्याचे तोंड जवळून पाहण्यासारखे आहे: पुढे चोच, मग सुळे, आणि मागे पाला चिरडून झिजलेल्या, पटाशीसारख्या दातांची घट्ट रांग. सरपटणाऱ्या प्राण्यांचे दात बहुधा एकाच धाटणीचे असतात. त्यामुळे एकाच जबड्यातली ही विविधता मला फार विलक्षण वाटते.

खालच्या चोचीला आधार देणारे, जबड्याच्या अगदी टोकाचे एक जादा हाड ही ऑर्निथिस्किया या डायनासोरांच्या गटाची ओळख आहे. स्टेगोसॉरस, तीन शिंगांचा ट्रायसेराटॉप्स आणि बदकासारख्या तोंडाचे डायनासोर या सर्वांत ते आढळते. (गटाच्या नावाचा अर्थ ‘पक्ष्यासारख्या कमरेचे’ असा असला, तरी पक्षी मात्र टायरॅनोसॉरसच्या शाखेतून आले.) हेटेरोडोंटोसॉरसला या वंशवृक्षात नेमके कोठे बसवावे याविषयी मतभेद आहेत; पुष्कळ अभ्यासक त्याला अगदी बुंध्याशी ठेवतात. चीनमधील तियानयुलाँग या त्याच्या नातलगाच्या अंगावर केसांसारखे तंतू असल्याचे २००९ साली जाहीर झाले, तेव्हा पिसांचे मूळ सर्वच डायनासोरांच्या समाईक पूर्वजापर्यंत जाते की काय, या प्रश्नाला बळ मिळाले.

या गटातले महाकाय प्राणी अशाच लहान, चपळ, दोन पायांच्या पूर्वजांपासून निपजले, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे चीनमधील सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा यिनलाँग. तो जेमतेम सव्वा मीटर लांब होता, त्याला शिंगे नव्हती. पण ट्रायसेराटॉप्सच्या वरच्या चोचीच्या टोकाशी असते ते खास हाड त्याच्या कवटीत स्पष्ट दिसते.