हेल्म रोलबॅक मारला की सगळं पूर्ववत होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच जणांची टीम आहे, ॲप क्लाऊडवर कुबरनेटीसमध्ये चालतं, अपग्रेड फसलं तर हेल्म रोलबॅकच्या भरवशावर राहिलं तर चालेल का, की ब्लू-ग्रीनचा खर्च करावाच लागेल? (कुबरनेटीस म्हणजे सर्व्हरवर ॲप चालतं ठेवणारी यंत्रणा, हेल्म म्हणजे त्यावर ॲप बसवायचं साधन, रोलबॅक म्हणजे मागच्या व्हर्जनला परत जाणं आणि ब्लू-ग्रीन म्हणजे जुन्या-नव्या व्हर्जनचे दोन पूर्ण संच शेजारी चालवणं.) शेवटी तुम्ही सहज लिहून गेलाय, "आमचे सीनियर म्हणतात, रोलबॅक आहे ना, मग घाबरायचं कशाला?" त्या एका वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय. हेच वाक्य मी फोनवर ऐकलंय, हळदीच्या ऐन सीझनमध्ये, सांगलीच्या मार्केट यार्डात उभा असताना.

मी सांगलीत बसून काम करतो. कंपनी पुण्याची, सर्व्हर मुंबई रीजनमध्ये, गिऱ्हाईक इथलं. अडत दुकानांचं सॉफ्टवेअर आहे. सौदा नोंदवायचा, काट्याची नोंद घ्यायची, हमाली-तोलाई वजा करायची आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी छापून द्यायची. फेब्रुवारी-मार्चनंतर यार्डात काय गर्दी असते ते इकडच्यांना सांगायला नको. हवेत इतकी हळद असते की प्रिंटर उघडला तर आतून पिवळा निघतो.

त्या रिलीजमध्ये दोन बदल होते. दर आणि वजन आम्ही क्विंटलमध्ये साठवत होतो, ते किलोत साठवायचं ठरलं, कारण तासगावची बेदाण्याची गिऱ्हाइकं येणार होती आणि बेदाण्याचा दर किलोवर बोलतात. दुसरं म्हणजे कंटेनरची इमेज, म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं बांधलेलं गाठोडं, बारीक करायची म्हणून बेस बदलून अल्पाइन हे छोटं लिनक्स घेतलं. किलोचं मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसातले आकडे बदलायची स्क्रिप्ट, हेल्मच्या प्री-अपग्रेड हुकमध्ये टाकलं होतं, म्हणजे ते अपग्रेडच्या आधी आपोआप चालतं. त्याच कॉलममध्ये दराला शंभरने भागायचं, वजनाला शंभरने गुणायचं. मी आधीच म्हणालो होतो, जुना कॉलम राहू द्या, शेजारी नवा घाला, काही दिवस दोन्हीकडे लिहा. पुण्याच्या टीम लीडचं उत्तर आलं, "डुप्लिकेट डेटा कशाला? डिझाइन घाण होतं." मीटिंगमध्ये बाकीच्यांनी माना डोलावल्या. पुण्यात डिझाइन फार स्वच्छ असतं.

रात्री रिलीज झाला, पॉड (ॲपच्या चालू प्रती) सगळे हिरवे. सकाळी सौदे सुरू झाले, नोंदी पडू लागल्या. पहिली पट्टी छापली आणि शेतकऱ्याच्या नावाच्या जागी चौकोन! गावाच्या जागी चौकोन, मालाच्या जागीही चौकोनच. आकडे इंग्रजी होते म्हणून तेवढे दिसत होते. बारीक केलेल्या इमेजमध्ये देवनागरी फॉन्ट घालायचाच राहिला होता. पॉड तयार आहे का ते तपासणाऱ्या रेडिनेस प्रोबला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. पोर्ट उघडा आहे, हेल्थचा पत्ता दोनशे (म्हणजे 'ठीक' चा कोड) देतोय, त्याच्या दृष्टीने ॲप ठणठणीत. म्हणून सांगतो, हेल्म ३ मधल्या ॲटॉमिक फ्लॅगचं कौतुक मर्यादेत ठेवा. पॉड वेळेत तयार झाले नाहीत तर तो आपोआप मागे फिरवतो, पण छापलेल्या पट्टीवर काय उमटलं ते तो बघत नाही.

मी फोन केला. म्हटलं, डॉकरफाइलमध्ये (इमेज बनवायच्या कृतीत) एक ओळ वाढवायची आहे, फॉन्ट टाकून नवी इमेज बनवू, चहा होईपर्यंत पट्ट्या नीट निघतील. तोवर दिवाणजी हाताने पट्टी लिहून देतील, त्यांना त्याची सवय आहे. लीड म्हणाले, प्रॉडक्शनवर प्रयोग नकोत, रोलबॅक आहे ना, घाबरायचं कशाला. मी विचारलं, मायग्रेशनचं काय? "हेल्म सगळं मागे नेतं." आणि त्यांनी तिकडून कमांड मारली. यशस्वी झाल्यावर हेल्म काय छापतं माहीत आहे ना? "रोलबॅक वॉज अ सक्सेस! हॅपी हेल्मिंग!" त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर पडला, खाली अंगठे.

हेल्म सगळं मागे नेत नाही. ते कुबरनेटीसच्या वस्तू मागच्या रिव्हिजनला नेतं. डेप्लॉयमेंट, सर्व्हिस, कॉन्फिगमॅप (ॲपची सेटिंग्ज) वगैरे. हुकमध्ये चाललेल्या मायग्रेशनने डेटाबेसात जे केलं त्याची उलटी क्रिया ते स्वतःहून करत नाही. दळलेल्या हळदीचं पुन्हा हळकुंड होत नाही. म्हणजे आता जुना कोड आला, जो आकडा क्विंटलचा समजतो, आणि खाली टेबलात किलो.

यानंतर जे झालं ते आकड्यांत बघा. समजा दर क्विंटलला १५,००० आणि माल १२.४० क्विंटल. रक्कम १,८६,०००. रोलबॅकच्या आधी सौदा आणि काटा दोन्ही नोंदलेले असतील तर टेबलात दर १५०, वजन १२४०. जुन्या कोडने गुणाकार केला, रक्कम बरोबर १,८६,०००! लीड लगेच म्हणाले, बघा, बरोबर येतंय की. पण हमाली क्विंटलवर लावायची होती, ती १२४० क्विंटलवर लागली. २० रुपयांनी धरली तर २४८ च्या जागी २४,८०० वजा. आणि यार्डात सौदा आधी होतो, काटा नंतर. त्यामुळे बऱ्याच मालाचा सौदा नव्या व्हर्जनमध्ये आणि काटा रोलबॅकनंतर जुन्यात पडला. दर १५०, वजन १२.४०, रक्कम १,८६०.

एका दुकानात दिवाणजींनी ती पट्टी चष्मा वर करून बघितली आणि मला म्हणाले, "दीडशे रुपये क्विंटल? ह्या दरात शेणखत तरी येतंय का ओ?" बाकड्यावर बसलेला शेतकरी हसला नाही.

मग सगळ्यांना सुचलं की डेटाबेसचा रात्रीचा स्नॅपशॉट (प्रत) आहे. आहे ना, पण तो लावायचा म्हणजे सकाळपासूनचे सौदे पाण्यात. शिवाय क्लाऊडच्या मॅनेज्ड डेटाबेसमध्ये, आम्ही वापरतो त्या ॲमेझॉनच्या आरडीएसमध्ये तरी, रिस्टोअर म्हणजे नवा इन्स्टन्स उभा राहतो. चालू डेटाबेस आपोआप मागे जात नाही, ॲपला नव्या पत्त्याकडे वळवावं लागतं. मग सुचलं उलटं मायग्रेशन चालवू. पण कोणत्या ओळीवर? दराचं एक वेळ कळतं, हजाराच्या आत असला तर किलोचा. वजनाचं काय? टेबलात ६० दिसतंय, ते एक पोतं ६० किलोचं की मोठ्या बागायतदाराचे ६० क्विंटल? नोंदीच्या वेळेवरून ठरवावं तर रोलिंगच्या, म्हणजे पॉड एकेक करून बदलण्याच्या, काळात जुने-नवे पॉड एकाच वेळी चालू होते, आणि मधल्या वेळात दोन-चार दुकानांनी आकडे चुकलेत म्हणून हाताने दुरुस्तही केले होते.

शेवटी सगळं सोडवलं ते दिवाणजींच्या लांबोड्या वहीने. प्रत्येक दुकानात सौदा पेन्सिलीने वहीत उतरलेला असतोच, सॉफ्टवेअर असो नसो. वही मांडीवर, लॅपटॉप पोत्यावर, ते वाचणार आणि मी ओळ तपासणार. पुण्याच्या रिपोर्टमध्ये मात्र कारण काय लिहिलं? "फील्डवरील कनेक्टिव्हिटीच्या अडचणी आणि मॅन्युअल नोंदी." सांगलीत नेट गेलं असेल, हे आमच्या माथी नेहमीचंच. त्या दिवशी नेट एक मिनिट गेलं नव्हतं.

तुम्हाला हे खेड्यातल्या छोट्या सॉफ्टवेअरचं वाटत असेल तर मोठ्यांचं बघा. १ ऑगस्ट २०१२, नाईट कॅपिटल, अमेरिकेतली शेअर ट्रेडिंग कंपनी. आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहिला, आणि नव्या कोडने एक जुनाच फ्लॅग (चालू-बंदची खूण) पुन्हा वापरला होता. तो फ्लॅग लागताच त्या एका सर्व्हरवर कधीचा पडून असलेला कोड जागा झाला आणि भलत्या ऑर्डरी सुटू लागल्या. घाबरून त्यांनी उरलेल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढला. म्हणजे रोलबॅकच की! फ्लॅग चालूच होता, त्यामुळे आता आठही सर्व्हर जुना कोड चालवू लागले. सुमारे पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान.

तर तुमच्या प्रश्नाकडे येतो. ब्लू-ग्रीन केलंत तरी खाली डेटाबेस सहसा एकच असतो, त्यामुळे आमच्यासारखा घोळ ब्लू-ग्रीनमध्येही झालाच असता, वर दुप्पट सर्व्हरचं बिल. पाच जणांना ते लागत नाही. साधं रोलिंग पुरतं. पैसे आणि वेळ मायग्रेशनच्या शिस्तीवर घाला. कॉलमचं नाव, एकक, अर्थ बदलायचा असेल तर एका रिलीजमध्ये फक्त नवा कॉलम वाढवायचा, पुढच्यात दोन्हीकडे लिहायचं, मग वाचणं नव्यावर न्यायचं, आणि सगळं स्थिरावल्यावर जुना काढायचा. यात अट एकच, मागचं व्हर्जन आजच्या डेटाबेसवर चालायला हवं. सीनियरना सांगा, रिलीजच्या आदल्या दिवशी स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) मायग्रेशन मारून त्यावर जुनं व्हर्जन उभं करून दाखवा. दाखवता येत नसेल तर त्या रिलीजला रोलबॅक नाही असं तिकिटावर लिहा, म्हणजे सकाळी फोनवर वाद होत नाही.

इमेजला व्हर्जन नंबरऐवजी लेटेस्ट टॅग लावत असाल तर तो आजच बंद करा. रोलबॅक करून पुन्हा तोच टॅग, म्हणजे पुन्हा तीच बिघडलेली इमेज ओढली जाते. आणि हेल्म न वापरता कुबरनेटीसच्याच क्यूबसीटीएल कमांडचं रोलआउट अन्डू करणार असाल तर ते फक्त पॉडचा टेम्प्लेट मागे नेतं. कॉन्फिगमॅप वेगळा बदलला असेल तर तो नवाच राहतो. जुनी रिव्हिजनं डीफॉल्टने दहाच ठेवली जातात, हेही ध्यानात असू द्या. हेल्म घ्या, चांगलं आहे, माझं भांडण हेल्मशी नाही.

आता इतकं बोललो म्हणून रोलबॅक वाईटच असं धरू नका. रिलीजमध्ये डेटाबेसला हात लागला नसेल, नुसता स्क्रीन नाहीतर एपीआयचा बदल असेल, तर विचार न करता मागे या, कारण मग शोधा. दुरुस्ती करून पुढे जा हा माझा हट्ट फक्त डेटा बदललेला असताना आहे, आणि तोही तुमचा बिल्ड पटकन होत असेल तरच. तासभर पाइपलाइन चालणार असेल तर आधी ती बारीक करा. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस आहे, तिथे टेबलाची रचना बदलणंही ट्रान्झॅक्शनमध्ये बसतं, अर्ध्यात फसलं तर सगळं मागे येतं. मायएसक्यूएलमध्ये तशी आज्ञा आली की आधीचं आपोआप कमिट (पक्कं) होतं, त्यामुळे मायग्रेशन मध्येच पडलं तर अर्धं झालेलं राहतं. तुमचा कोणता ते प्रश्नात लिहिलेलं नाही.

आमच्याकडे आता दर क्विंटलचा एक कॉलम आहे आणि किलोचा एक. डुप्लिकेट डेटा आहे, डिझाइन घाण आहे. तेच लीड हल्ली नव्या पोरांना ट्रेनिंगमध्ये याला एक्स्पांड-कॉन्ट्रॅक्ट पॅटर्न म्हणून शिकवतात, स्लाइडवर बाण वगैरे काढून.