मावळ, खोरे आणि नेर

प्रश्न असा: पवन मावळ, मुठे खोरे आणि मीनेर ही तिन्ही पुणे जिल्ह्यातल्या नदीकाठच्या मुलखांची नावे आहेत, तर मावळ, खोरे आणि नेर यांत नेमका फरक काय?

जमिनीच्या दृष्टीने जवळजवळ काहीच नाही. सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेकडे डोंगराचे फाटे निघतात. दोन फाट्यांमधली नदी, तिच्या दोन्ही काठांची गावे आणि बहुधा त्यांवर एका घराण्याची देशमुखी (वसुली-कारभाराचे वतन), असा हा मुलूख. त्याला काय म्हणायचे, ही ज्या त्या भागाची वहिवाट.

मावळ म्हणजे मुळात मावळतीकडचा सगळा डोंगरी पट्टा. त्याच्या पूर्वेला देश, म्हणजे सपाटीचा मुलूख. पुढे पट्ट्याचे नाव त्यातल्या एकेका खोऱ्यालाही चिकटले. म्हणून सिलीमकरांचे गुंजण मावळ, बांदलांचे हिरडस मावळ, पण पासलकरांचे मोसे खोरे आणि मरळांचे कानद खोरे. ‘बारा मावळ’ मोजताना ही खोरीही त्यातच धरतात.

नेर उत्तरेकडचे, जुन्नर-खेडच्या बाजूचे. मीनेचे मीनेर, घोडचे घोडनेर, भामेचे भामनेर. संगमनेरातला ‘नेर’ नगरवरून आला असे सांगतात, आणि जुन्नर म्हणजे जीर्णनगर हेही प्रसिद्धच आहे. गावापुरते ते ठीक. पण मीनेर हे गाव नव्हे, अख्खे खोरे आहे. तिथे ‘नगर’ ओढूनताणून बसवावे लागते.

नाव नदीचेच असते, असेही नाही. रोहिड खोरे रोहिडा किल्ल्यावरून, नाणे मावळ कामशेतजवळच्या नाणे गावावरून.

घोटाळा होतो तो आजच्या मावळ तालुक्यामुळे. त्यात आंदर, नाणे आणि पवन ही मावळे येतात. पौड मावळ मुळशीत, गुंजण मावळ मुख्यतः वेल्ह्यात (आताचा राजगड तालुका) आणि हिरडस मावळ भोरमध्ये शोधावे लागते. ‘मावळातले देशमुख’ असे वाचून वडगावकडे, म्हणजे मावळ तालुक्याच्या ठाण्याकडे, वळणारे इथेच चुकतात.

गावाच्या नावामागची अक्षरेही सोडू नयेत. लोणावळ्याजवळचे ‘कुणेनामा’ म्हणजे कुणे, नाणे मावळ; आंदर मावळातले ते कुणे अनसुटे. आंबेगाव तालुक्यात महाळुंगे तर्फ घोडा आणि महाळुंगे तर्फ आंबेगाव अशी दोन गावे आहेत. ‘तर्फ’ हा जुना महसुली विभाग. सातबारा काढताना तेवढा शब्द गाळला, तर भलत्याच गावाचा उतारा हाती येतो.