कंगवा लागला की केसांची मुळं का दुखतात?

प्रश्न : वय ३४. केस घट्ट वर बांधते, त्यावर दीड तास हेल्मेट. संध्याकाळी केस सोडले की डोकं हुळहुळतं, बोटही लावू देत नाही. कोंडा आहे म्हणून रोज रात्री तेल लावते, पण उपयोग नाही.

दोन कारणं एकत्र आली आहेत. केस दिवसभर ताणलेले राहिले की मुळांभोवतीच्या बारीक नसा चेततात. बांधल्यावर भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या तर बांधणी घट्ट आहे असं समजा. हेल्मेटखाली मानेजवळ सैल वेणी ठेवा. कपाळाच्या कडेला पुटकुळ्या आल्या किंवा केस विरळ व्हायला लागले तर तशी बांधणी पूर्ण थांबवा. वर्षानुवर्षं ताण राहिला तर तिथले केस पुन्हा येत नाहीत.

कोंड्याचं म्हणाल, तर तेलच आड येतं आहे. कोंड्याशी संबंधित बुरशी त्वचेच्या तेलकटपणावर पोसते. रात्रभर मुरवलेलं तेल म्हणजे तिला आयतं जेवण! २ टक्के किटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, चार आठवडे वापरा. ओल्या केसांत भांग पाडून तो त्वचेवर बोटांच्या पेरांनी चोळा, पाच मिनिटं ठेवा, मग धुवा. बहुतेकजण नुसता केसांना फेस करून लगेच धुऊन टाकतात आणि शाम्पूला नावं ठेवतात. नखांनी खपल्या काढू नका, केसतोड झालं असेल तर पिळू नका. महिन्यात फरक पडला नाही, किंवा जाड चंदेरी पापुद्रे कपाळावर, कानामागे पसरले, तर सोरायसिस असू शकतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : काळी मेंदी लावल्यावर दुसऱ्या दिवशी डोक्याची आग झाली, पापण्या सुजल्या. मेंदीसुद्धा बाधते?

शुद्ध मेंदीचा रंग लालसर असतो. झटपट काळ्या होणाऱ्या मेंदीत बहुधा पीपीडी हे रंगद्रव्य असतं आणि त्याची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा कायमची राहते. पुढच्या वेळी त्रास वाढतो, म्हणून तो डाय पुन्हा लावायचा नाही. डोळे सुजून मिटले किंवा श्वासाला अडथळा वाटला तर लगेच रुग्णालय गाठा. कोणताही नवा डाय वापरण्याआधी कानामागे थेंबभर लावून ४८ तास वाट पाहावी. मात्र पूर्वी अशी सूज आलेल्यांनी ही चाचणीही घरी करू नये.

प्रश्न : वडील ७३ वर्षांचे. महिनाभर उजवं कानशील दुखतं, त्या कुशीवर झोपवत नाही. भाकरी चावताना जबडा भरून येतो, थांबून थांबून जेवतात. वेदनाशामक गोळ्या चालू आहेत.

हे पत्र छापेपर्यंत थांबलो नाही, उत्तर आधीच कळवलं आहे. पन्नाशीनंतर कानशील हळवं होणं आणि चावताना जबडा दुखून थांबल्यावर उतरणं, ही जोडी दिसली की जायंट सेल आर्टेरायटिसची शंका घ्यावी लागते. यात धमन्यांना सूज येऊन आतली वाट अरुंद होते. कानशिलाची त्वचा, जबड्याचे स्नायू यांना रक्त कमी पडतं आणि हीच गत डोळ्याच्या नसेची झाली तर दृष्टी जाते. गेलेली दृष्टी क्वचितच परत येते. भारतात हा आजार कमी आढळतो, त्यामुळे तो 'दाताचं दुखणं' किंवा 'मानेचं दुखणं' म्हणून सुटून जातो.

फिजिशियन किंवा संधिवाततज्ज्ञांकडे आजच न्या. ईएसआर, सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या चाचण्या होतील, कानशिलाच्या धमनीची सोनोग्राफी किंवा बायोप्सीही (छोटा तुकडा काढून तपासणी) होईल. शंका दाट असेल तर डॉक्टर बायोप्सीची वाट न पाहता प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू करतात, साधारण रोज ४० ते ६० मिलिग्रॅम. ते घरच्या घरी चालू करू नका आणि बरं वाटलं म्हणून अचानक सोडूही नका. डोस कमी करत आणायला अनेकदा वर्ष-दोन वर्षं लागतात. मध्येच डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं झालं किंवा एकाचे दोन दिसले तर थेट आपत्कालीन विभाग.

कानशिलावर त्याच बाजूला पाण्याचे फोड उठले असतील तर मात्र नागीण समजावी. तिच्या गोळ्या फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर चांगल्या लागू पडतात, आणि नाकाच्या शेंड्यावर फोड असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा. जाताना वडिलांच्या चालू औषधांची यादी आणि साखरेचे आकडे घेऊन जा, कारण प्रेडनिसोलोनने साखर चढते.