दुसरी सायकल घ्यायची, पण कुठल्या पैशातून?

प्रश्न: सायक्लोक्रॉसचा, म्हणजे चिखल-वाळूतून छोट्या फेऱ्या मारायच्या सायकल शर्यतींचा, माझा पहिला हौशी हंगाम नुकताच संपला. ग्रॅव्हल सायकल (कच्च्या रस्त्यांसाठीची) घेऊन ११ शर्यतींत उतरलो. १० पूर्ण केल्या, एक चिखलात डिरेलरचा हँगर (गिअर बदलणारी यंत्रणा सायकलच्या सांगाड्याला धरून ठेवणारा छोटा तुकडा) तुटल्याने सोडावी लागली. आता पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत सायकल किंवा चाक बदलायच्या जागेत, ठेवायला दुसरी सायकल घ्यावी म्हणतो. निम्मे पैसे आपत्कालीन निधीतून काढीन, उरलेल्यासाठी २४ महिन्यांचं कर्ज. जमेल का?

उत्तर: सायकल घ्यायला माझी ना नाही. पैसे जिथून काढताय, तिथे मात्र माझं तुमच्याशी पटत नाही.

या खेळात दुसरी सायकल म्हणजे निव्वळ चैन नव्हे, हे आधी कबूल करतो. फेरी जेमतेम तीन किलोमीटरची, त्यात बऱ्याच मार्गांवर पिट दोनदा लागतो. गिअर गेला तर सायकल खांद्यावर टाकून पिटपर्यंत पळायचं, दुसरी घ्यायची, शर्यत चालू. तुमची सोडलेली शर्यत अशीच वाचली असती.

पण अव्वल स्पर्धकांना दोन सायकलींचा पुरेपूर उपयोग होतो, कारण पिटमध्ये त्यांचा माणूस प्रेशर वॉशर घेऊन उभा असतो. माखलेली सायकल त्याच्या हाती द्यायची, धुतलेली घेऊन निघायचं. तुमच्याकडे असा कोणी आहे? पत्रात तरी दिसला नाही. नसेल, तर दुसरी सायकल एका शर्यतीत फार तर एकदा कामी येईल. आणि तशी वेळ ११ शर्यतींत तुमच्यावर एकदाच आली.

शिवाय सायकल विकत घेऊन खर्च थांबत नाही. वाळूमिश्रित चिखल चेन आणि ब्रेक पॅड खातो. प्रेशर वॉशर जवळून मारला की बेअरिंगमधलं ग्रीस जातं. हे सगळं आता दोन सायकलींचं. हंगाम मात्र साधारण पाच महिन्यांचा, म्हणजे २४ पैकी १४ हप्ते सायकल भिंतीला टेकलेली असताना भरायचे. दरम्यान तिची किंमत उतरत राहणार, व्याज काही उतरणार नाही.

निधीला तर हातच लावू नका. या खेळात पडणं ठरलेलं. कॉलरबोन मोडलं आणि दीड महिना काम बंद राहिलं, तर घर त्याच पैशांवर चालायचं आहे. तुमच्या अपघात विम्यात स्पर्धात्मक शर्यती वगळल्या आहेत का, तेही तपासा. अनेक पॉलिसींत तशी अट असते, आणि ती कळते दावा केल्यावर.

मग करायचं काय? सध्या चाकांची एक जादा जोडी घ्या, त्यावर चिखलाचे टायर चढवा. आंतरराष्ट्रीय नियमात रुंदीची मर्यादा ३३ मिलिमीटर आहे; बऱ्याच हौशी शर्यतींत ती कोणी मोजत नाही, पण आयोजकांना विचारून घ्या. अॅक्सल (चाकाचा आस), कॅसेट (मागच्या गिअरचक्रांचा संच) आणि ब्रेकची डिस्क सध्याच्या चाकांशी जुळणारी हवी, नाहीतर पिटमध्ये चाक बदलून ब्रेक घासत बसाल. पंक्चरपुरता प्रश्न एवढ्यात मिटतो.

जो हप्ता बँकेला देणार होतात, तेवढी रक्कम या महिन्यापासून वेगळ्या खात्यात टाका. पुढचा हंगाम संपला की अनेकजण सायकली विकायला काढतात. तेव्हा रोख पैशांनी वापरलेली घ्या. तोवर पिटमध्ये उभा राहणारा कोणी मित्र सापडतो का, तेही कळेल.

हँगर मात्र आजच मागवा, आणि एक नव्हे, दोन. तो मॉडेलगणिक वेगळा असतो, शर्यतीच्या आदल्या दिवशी मिळत नाही.