व्हॉट्सॲपवर 'केबीसीची २५ लाखांची लॉटरी लागली' असा मेसेज आलाय, खरा असेल का?

नाही, शंभर टक्के खोटा आहे. तिकीटच काढलं नाही तर लॉटरी लागणार कुठून?

नंबर नीट बघा. असे बरेच मेसेज +९२ ने सुरू होणाऱ्या नंबरवरून येतात, तो पाकिस्तानचा कोड आहे. पण +९१ दिसला म्हणून विश्वास ठेवू नका. सोबत अमिताभ बच्चन यांचा फोटो, शिक्के मारलेलं प्रमाणपत्र आणि 'बँक मॅनेजर'चा नंबर असतो. त्याला फोन केला की तो आधी प्रोसेसिंग फी मागतो, मग जीएसटी, मग इन्कम टॅक्स. एकदा पैसे भरले की मागणी थांबत नाही, आधीचे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस भरतच राहतो. खऱ्या बक्षिसावरचा ३० टक्के कर देणाराच रकमेतून कापून घेतो, तुम्हाला आधी भरायला लावत नाही.

आधार, पासबुकचा फोटो, ओटीपी काहीही पाठवू नका. यूपीआय पिन तर पैसे पाठवताना लागतो, घेताना नाही!

पैसे गेले असतील तर लाजू नका, आत्ता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आणि घरातल्या आजी-आजोबांना हे आजच सांगा.