नवरा समुद्रावर, घर नागपुरात

पत्र थोडक्यात असं आहे :

"ताई, माझे मिस्टर कोचीला नौदलासाठी संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ आहेत. मी इथे एका अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. पाचवीतली मुलगी आणि सासूबाई माझ्याजवळ असतात. माणूस लाखात एक आहे. रोज रात्री फोनवर मुलीचं गणित घेतात, आईच्या औषधांची चौकशी करतात. पण बोटीवर गेले की दहा-दहा दिवस फोन लागत नाही. जानेवारीत मुलीच्या वाढदिवसाचं तिकीट आयत्या वेळी रद्द केलं आणि कारण विचारलं तर गप्प बसले. घरी येतात तेव्हाही मन भलतीकडेच असतं. मुलगी शाळेत सांगते, 'बाबा समुद्रात काहीतरी करतात.' नोकरी सोडा म्हणून आता हट्ट धरू का?
— एक वाचक, त्रिमूर्ती नगर, नागपूर"

प्रिय ताई,

हट्ट धरू नका, निदान या वर्षी तरी नको. आधी त्यांचं वर्ष कसं चालतं ते समजून घ्या. तुमच्या तक्रारीतला बराच भाग तिथेच सुटेल. उरेल त्याबद्दल त्यांना जरूर धारेवर धरा.

कोचीतल्या डीआरडीओच्या, म्हणजे केंद्राच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या, प्रयोगशाळेचं, एनपीओएलचं, मुख्य काम सोनारचं, म्हणजे आवाजाने पाण्याखालचा वेध घेणाऱ्या यंत्रणेचं, आहे आणि ते जगजाहीर आहे. रेडिओ लहरी समुद्राच्या पाण्यात फार पुढे जात नाहीत, म्हणून तिथे रडारचा उपयोग नसतो. पाण्याखालचा वेध आवाजावरच घ्यावा लागतो. त्यासाठीचं उपकरण आधी प्रयोगशाळेच्या टाकीत तपासतात. मग तळ्यात, त्यासाठी इडुक्की जलाशयात कुलमावूला खास सुविधा आहे. समुद्र शेवटी येतो. पण जहाज नौदलाचं असतं. नौदल देईल ती तारीख घ्यायची, आणि जहाजाला दुसरं काम निघालं की ती तारीख गेली. पुन्हा कधी मिळेल ते प्रयोगशाळेच्या हातात नसतं. तिकीट आयत्या वेळी रद्द होतं ते बहुतेक यामुळे.

त्यात अरबी समुद्राचं स्वतःचं पंचांग आहे. जून ते सप्टेंबर तो खवळलेला असतो, तेव्हा नाजूक उपकरणं पाण्यात सोडण्याची कामं सहसा पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे ढकलली जातात. जानेवारीत समुद्र शांत, म्हणजे ऐन हंगाम. मुलीचा वाढदिवस नेमका त्यात येतो आणि पुढेही येत राहणार. तो दिवस तुम्ही मैत्रिणींना बोलावून साजरा करा आणि बाबांबरोबरचा वाढदिवस पावसाळ्यात ठेवा. तान्हा पोळा त्याच दिवसांत असतो. मुलीचा लाकडी बैल सजवायला बाबा हजर, हे वचन त्यांना पाळता येण्यासारखं आहे.

दहा दिवस बोटीवर काय चालतं? पाण्यात सोडलेल्या हायड्रोफोनच्या, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनच्या, एखाद्या जोडणीत खाऱ्या पाण्याचा थेंब शिरला की इन्सुलेशन उतरतं आणि तो चॅनल बंद पडतो. मग सगळं वर ओढायचं, सुकवायचं, ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं, बदलायची, पुन्हा खाली सोडायचं. दिवस गेला. जहाजाच्या स्वतःच्या इंजिनाचा आवाज आड येतो, जवळून मासेमारीचा ट्रॉलर गेला तर तोही. शिवाय दुपारच्या उन्हाने वरचं पाणी तापतं. कोमट पाण्यात आवाज जास्त वेगाने जातो, त्यामुळे तो खालच्या थंड थराकडे वाकतो. सकाळी जे लांबवर ऐकू येत होतं ते दुपारी येत नाही. म्हणून सकाळ, दुपार, रात्र, सगळ्या वेळी नोंदी घ्याव्या लागतात. झोप मिळते ती तुकड्यातुकड्यांत.

मोबाइलचं म्हणाल तर किनाऱ्याचे टॉवर मागे पडले की फोन लागणारच नाही. परतल्यावर एखाद-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, आणि त्यापुढचे काही आठवडे आणलेल्या नोंदींचा हिशेब डोक्यात घोळत असतो. घरी असून घरात नसलेला नवरा तुम्हाला दिसतो तो याच आठवड्यांतला असावा. तेव्हा बोटीवरून उतरून थेट नागपूरची गाडी पकडू नका, एक रविवार मध्ये जाऊ द्या आणि पहिला अहवाल देऊन या, असं त्यांना सांगा.

आता त्यांच्या गप्प बसण्याबद्दल. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा त्यांना लागू आहे. कुठे गेलो, कोणतं जहाज, चाचणी यशस्वी झाली का, यातलं काही ते सांगू शकत नाहीत. घरची माणसं मात्र सगळ्यात आधी हेच विचारतात, 'झालं का काम नीट?' तो प्रश्न सोडा. जेवायला काय होतं, किती झोपलात, कोणाला समुद्र लागला, हे विचारा. त्यावर बोलायला त्यांना आडकाठी नाही. आणि 'हे आज बोटीवर गेले' असं व्हॉट्सॲप स्टेटस तुम्हीही कधी ठेवू नका.

पण कामाबद्दल गप्प राहायचं म्हणजे घराबद्दलही गप्प राहायचं असं नाही. इथे चूक त्यांची आहे, आणि हे उत्तर त्यांना वाचायला द्या. साहेब, मुलीला तारीख सांगू नका, 'त्या पंधरवड्यात येईन' असं सांगा. निघण्याआधी 'अंदाजे इतके दिवस, वर चार धरा' एवढं बोलायला कोणताही कायदा आड येत नाही. कार्यालयाचा लँडलाइन आणि किनाऱ्यावर राहिलेल्या एका सहकाऱ्याचा नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लावा. आई दवाखान्यात दाखल झाल्या तर निरोप प्रयोगशाळेमार्फतच तुमच्यापर्यंत यायचा. आईचं आणि मुलीचं नाव कोणत्या वैद्यकीय योजनेत आहे, कार्ड कुठे ठेवलंय, खातं दोघांपैकी कोणालाही चालवता येतं का, हेही त्याच कागदावर येऊ द्या.

मुलीला बाबांचं काम सांगायला पाऊस पुरे. वीज चमकली की गडगडाटापर्यंतचे सेकंद तिला मोजू द्या. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. समुद्राच्या पाण्यात तो सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे त्याच तीन सेकंदांत साडेचार किलोमीटर. हे गणित रात्रीच्या फोनवर बाबांनीच घ्यावं. शाळेत सांगायला तिला नेमकं काहीतरी मिळेल.

रजेचा हिशेब बघा. त्यांना वर्षाला ३० अर्जित रजा असतात, जानेवारीत १५ आणि जुलैत १५ जमा होतात. किरकोळ रजा ८. केरळ एक्स्प्रेसने जायला-यायला मिळून जवळपास तीन दिवस जातात, म्हणून शनिवार-रविवारची धावपळ वाया जाते. त्यापेक्षा वर्षात आठवडाभराच्या चार भेटी बऱ्या. कुटुंब मूळ गावी वेगळं राहत असेल तर एलटीसीच्या, म्हणजे रजेतल्या प्रवासखर्चाच्या सवलतीच्या, नियमांत एक सोय आहे. कुटुंबाच्या आणि इतर सगळ्या एलटीसी सवलती सोडल्या की कर्मचाऱ्याला स्वतःपुरती मूळ गावची एलटीसी दरवर्षी घेता येते. तुमच्या घराला ती परवडेल.

नागपुरात बदलीची आशा धरू नका, इथे नौदलाची प्रयोगशाळा नाही. महाराष्ट्रातली आहे अंबरनाथला. पण तिथलं काम रंग, गंज, धातू-रबर अशा सामग्रीचं. सोनारच्या माणसाला तिथे जागा मिळेलच असं नाही. राहता राहिला तुम्ही कोचीला जाण्याचा पर्याय. तो दोन वर्षांत ठरवा, कारण आठवी-नववीत शाळा बदलणं मुलीला जड जाईल.

ठरवण्याआधी एक महिना तिथे राहून बघा. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात आणि केरळात पाऊस साधारण १ जूनला पोचतो. तुमची सुटी शिल्लक असते तेव्हाच त्यांचा समुद्र बंद झालेला असतो. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिकिटं काढा. सासूबाईंनाही न्या. तिकीट काढताना त्यांचं वय नीट भरा, म्हणजे खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते. कोचीची दमट हवा त्यांना मानवते का, हे तिथे जाऊनच कळेल.